अनाम धैर्याचे पाठ : तिआनानमेनच्या एका छायाचित्राचे वाचन

१. प्रश्नाची मांडणी

छायाचित्र आणि धैर्य यांच्या संबंधात एक मूलभूत अडचण आहे. धैर्य ही मनाची अवस्था असून ती कालावधीतून प्रकट होते. भीतीचे कारण समोर उभे असताना व्यक्ती जागची हलत नाही आणि न हलण्याचा निर्णय ती क्षणोक्षणी नव्याने घेत राहते, तेव्हा तिला धैर्यवान म्हणावयाचे असते. छायाचित्राला मनाचा आतला भाग दिसत नाही, आणि काळाचा एका सेकंदाहूनही लहान तुकडा तेवढा त्याच्या वाट्याला येतो. पोवाडा, नाटक किंवा कादंबरी यांना पूर्वपीठिका, निर्णय आणि परिणाम या तिन्ही अवस्था सांगण्याची मुभा असते. छायाचित्राला ती नसते. असे असूनही विसाव्या शतकातील शांततामय राजकीय प्रतिकाराची सामूहिक स्मृती बऱ्याच अंशी छायाचित्रांनीच घडविली आहे.

शस्त्रधारी वीराच्या चित्रणात ही अडचण तितकीशी जाणवत नाही. तलवार, अश्व, जखम, जिंकलेला ध्वज अशी त्याची चिन्हे परंपरेने ठरवून दिलेली आहेत. अहिंसक प्रतिकारकाची कृती मात्र बसणे, चालणे किंवा उभे राहणे अशी, म्हणजे रोजच्या जगण्यातलीच असते. नुसत्या उभ्या असलेल्या माणसाच्या चित्रातून त्याचे धैर्य कळत नाही. तो कशासमोर उभा आहे हे दिसल्यावरच ते कळते. म्हणूनच अशा धैर्याचे चित्र नेहमी संबंधात्मक असते. त्याचा अर्थ एका आकृतीत नसून दोन आकृतींमधील अंतरात असतो.

प्रस्तुत लेखात ५ जून १९८९ रोजी बीजिंगमध्ये रणगाड्यांच्या रांगेसमोर उभ्या राहिलेल्या अनाम माणसाच्या छायाचित्राचे वाचन या दृष्टीने केले आहे. हे छायाचित्र एक नसून अनेक आहेत, आणि त्यांतील भेद लक्षात घेतल्याशिवाय त्यातील धैर्याचा अन्वयार्थ पूर्ण होत नाही, अशी येथील भूमिका आहे. पाठचिकित्सेची शिस्त त्यासाठी उपयोगी पडते. शके १५०६ मध्ये एकनाथांनी केलेल्या ज्ञानेश्वरीच्या पाठशुद्धीपासून पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीपर्यंत या शिस्तीची मराठी अभ्यासकांना चांगली ओळख आहे.

२. घटना

१५ एप्रिल १९८९ रोजी चिनी कम्युनिस्ट पक्षाचे माजी सरचिटणीस हू याओबांग यांचे निधन झाले आणि त्यांच्या स्मरणार्थ जमलेल्या विद्यार्थ्यांमधून बीजिंगमधील आंदोलनाला आरंभ झाला. १३ मे रोजी उपोषण सुरू झाले, २० मे रोजी लष्करी कायदा लागू झाला. त्यानंतरही शहरातील सामान्य नागरिकांनी रस्त्यांवर उतरून सैन्याच्या तुकड्या काही दिवस अडवून धरल्या. ३ जूनच्या रात्री आणि ४ जूनच्या पहाटे सैन्य गोळीबार करीत शहराच्या मध्यभागी शिरले. मुशिदी आणि चांगआन मार्गाचा पश्चिम भाग येथे मोठी प्राणहानी झाली. मृतांचा आकडा आजही वादग्रस्त आहे. चीन सरकारने सांगितलेली संख्या दोनशे ते तीनशेच्या घरात असून अन्य अंदाज त्याहून बरेच मोठे आहेत.

५ जूनच्या दुपारच्या सुमारास रणगाड्यांची एक रांग तिआनानमेन चौकाकडून पूर्वेला निघाली होती. चांगआन या मार्गनामाचा अर्थ ‘चिरशांती’ असा आहे. पांढरा सदरा आणि गडद विजार घातलेला, दोन्ही हातांत पिशव्या असलेला एक माणूस रस्त्याच्या मध्यभागी येऊन पहिल्या रणगाड्यासमोर उभा राहिला. रणगाडा थांबला. त्याने बाजूने निघून जाण्याचा प्रयत्न केला तेव्हा तो माणूसही त्या बाजूला सरकला. पुढे तो रणगाड्यावर चढला, आतील सैनिकांशी काही बोलला, खाली उतरला आणि पुन्हा समोर उभा राहिला. अखेर काही जणांनी येऊन त्याला बाजूला नेले. ते मदतीला धावलेले नागरिक होते की सुरक्षा यंत्रणेची माणसे होती, याविषयी एकमत झालेले नाही. त्या माणसाचे नाव आणि त्याचे पुढे काय झाले हेही निश्चित झालेले नाही.

येथे एक तपशील विशेष अगत्याचा आहे. हे रणगाडे चौकाकडे जात नव्हते, चौकातून बाहेर पडत होते. हत्याकांड आदल्या दिवशी घडून गेले होते. या माणसाच्या उभे राहण्याने ते टळले नाही, आणि रणगाडेही काही मिनिटांपुरतेच थांबले. व्यावहारिक फळाच्या दृष्टीने पाहता ही कृती जवळजवळ निष्फळ होती. हत्याकांड रोखणारा वीर अशी जी प्रतिमा अनेकदा सांगितली जाते, ती चित्राने दिलेली नसून चित्राभोवती रचली गेलेली आहे.

३. एका क्षणाचे पाठभेद

या प्रसंगाची सर्वपरिचित छायाचित्रे बीजिंग हॉटेलच्या सज्ज्यांतून घेतलेली आहेत. असोसिएटेड प्रेसचे जेफ वाइडनर, न्यूजवीकसाठी काम करणारे चार्ली कोल, मॅग्नम या संस्थेचे स्टुअर्ट फ्रँकलिन आणि रॉयटर्सचे त्सांग हिन वा या चौघांनी तो प्रसंग टिपला. रस्त्याच्या पातळीवरून टिपलेले पाचवे छायाचित्र असोसिएटेड प्रेसचे वार्ताहर टेरिल जोन्स यांचे असून ते वीस वर्षांनी, २००९ मध्ये, प्रथम प्रकाशित झाले.

वाइडनर यांच्या चौकटीत मोजके रणगाडे आहेत. ते उजव्या वरच्या कोपऱ्यातून तिरप्या रेषेत खाली येतात आणि डाव्या तळाशी असलेल्या एका पाठमोऱ्या आकृतीपाशी ती रेषा थांबते. दूरदर्शी भिंगामुळे अंतरे आकुंचित झाली असून यंत्र आणि माणूस एकमेकांना भिडल्यासारखे भासतात. रस्ता जवळजवळ रिकामा आहे. आजूबाजूचे शहर चौकटीबाहेर राहिल्यामुळे हा प्रसंग दोनच पात्रांचा झाला आहे. चार्ली कोल यांच्या चौकटीचा भर याच संघर्षबिंदूवर आहे. १९८९ या वर्षासाठीचा ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ पुरस्कार त्यांच्या छायाचित्राला मिळाला.

फ्रँकलिन यांची विस्तृत चौकट निराळा अर्थ सांगते. तिच्यात रणगाड्यांची रांग लांबवर पसरलेली दिसते, जळालेली बसही दिसते. माणूस येथे इतका लहान आहे की तो शोधावा लागतो. बसचा सांगाडा आदल्या दिवसांतील संघर्षाची साक्ष देतो, म्हणजेच चित्रात भूतकाळाचा प्रवेश होतो. वाइडनर यांच्या चौकटीत धैर्य हा द्वंद्वाचा गुण वाटतो. फ्रँकलिन यांच्या चौकटीत तो प्रमाणाचा प्रश्न होतो. इतक्या मोठ्या यंत्रणेपुढे एवढासा माणूस, हा तिचा आशय आहे.

जोन्स यांचे छायाचित्र या सर्वांना छेद देते. ते सज्ज्यातून, सुरक्षित उंचीवरून पाहत नाही. त्याच्या अग्रभागी पळणारी, वाकून जीव वाचवू पाहणारी माणसे आहेत. रणगाडे अजून यावयाचे आहेत. आणि दूर मागे, झाडे व माणसे यांच्या फटीतून, दोन पिशव्या घेतलेली ती आकृती आधीच रस्त्यात उभी आहे. इतर चौकटींत तो माणूस रणगाडे आल्यावर तेथे आढळतो. येथे तो त्यांची वाट पाहताना आढळतो. कृती पूर्वनिश्चित होती की नाही, या प्रश्नावर हा एक पाठभेद निर्णायक प्रकाश टाकतो. शिवाय पळणाऱ्यांच्या सान्निध्यात उभे राहण्याला वेगळेच मोल येते. अग्रभागातील भीती ही नैसर्गिक आहे, शहाणपणाची आहे, आणि तीच पार्श्वभूमीतील स्थैर्याचे माप ठरते.

हस्तलिखितांच्या परंपरेत पाठभेदांच्या मुळाशी एक मूळ संहिता असते असे गृहीत धरून तिच्या शोधात अभ्यासक मागे जातो. येथे तशी मूळ संहिता नाही. पाचही छायाचित्रे स्वतंत्र साक्षी असून त्यांचे मूळ म्हणजे घटना, आणि ती कायमची लोप पावली आहे. त्यामुळे शुद्ध पाठ कोणता हा प्रश्न येथे गैरलागू ठरतो. पाठ एकमेकांशेजारी ठेवून वाचणे, हाच मार्ग उरतो.

या पाठांच्या संक्रमणाची कथाही त्यांच्या अर्थाचा भाग आहे. आदल्या रात्री डोक्याला दगड लागून जखमी झालेल्या वाइडनर यांच्याजवळची फिल्म संपली होती. एका परदेशी विद्यार्थ्याने मिळवून दिलेल्या मंद गतीच्या रोलवर त्यांनी हे चित्र घेतले आणि त्याच विद्यार्थ्याने तो रोल कपड्यांत लपवून हॉटेलबाहेर नेला. कोल यांनी आपला रोल हॉटेलच्या शौचालयातील पाण्याच्या टाकीत दडविला; त्यांच्याजवळच्या इतर फिल्म सुरक्षा अधिकाऱ्यांनी जप्त केल्या. फ्रँकलिन यांचा रोल चहाच्या पुड्यातून देशाबाहेर गेला. एकाकी धैर्याचे हे चित्र आपणापर्यंत पोहोचले ते अनेकांच्या लहानलहान धैर्यांच्या साखळीतून.

४. क्षणाची निवड

काव्य आणि चित्र यांच्या मर्यादांचा विचार करताना जर्मन विचारवंत लेसिंग यांनी १७६६ मध्ये ‘लाओकून’ या ग्रंथात एक महत्त्वाचा सिद्धान्त मांडला. चित्रकाराला एकच क्षण उपलब्ध असतो. म्हणून त्याने परमोच्च बिंदू न निवडता ज्याच्या आधीचे आणि नंतरचे काही कल्पिता येईल असा गर्भित क्षण निवडावा, असे त्याचे सार आहे. परमोच्च बिंदूनंतर कल्पनेला कोठे जाता येत नाही.

तिआनानमेनच्या चित्राला हा सिद्धान्त नेमका लागू पडतो. याच प्रसंगाची चलचित्रफीतही उपलब्ध आहे आणि माहितीच्या दृष्टीने ती अधिक संपन्न आहे. तिच्यात माणसाचे सरकणे, चढणे, बोलणे, उतरणे, ओढून नेले जाणे असे सारे काही आहे. तरीही जगाच्या स्मृतीत स्थिर झाली ती स्थिर प्रतिमा. चित्रफितीला शेवट आहे, छायाचित्राला नाही. छायाचित्रात तो माणूस अद्याप उभाच आहे, रणगाडा अद्याप थांबलेलाच आहे, आणि पुढच्या क्षणी काय होईल हा प्रश्न पाहणाऱ्याला दर वेळी नव्याने पडतो.

मात्र या निवडीची किंमतही आहे. चित्रफितीत धैर्य हे क्रियापद असते. रणगाडा उजवीकडे वळतो, माणूस उजवीकडे जातो. रणगाडा डावीकडे वळतो, माणूस डावीकडे जातो. प्रत्येक हालचालीत निर्णय पुन्हा घेतला जातो. छायाचित्रात हे क्रियापद नाम होते. पुन्हा पुन्हा घेतलेला निर्णय एका मुद्रेत गोठतो आणि शिल्पासारखा अढळ भासू लागतो. जे क्षणोक्षणी मोडू शकत होते ते कधीच मोडणार नव्हते, असा आभास त्यातून निर्माण होतो. धैर्याचा खरा ताण तर त्या मोडू शकण्यातच असतो.

५. धैर्याची चिन्हे आणि वीररसाचा प्रश्न

या माणसाचा चेहरा दिसत नाही. चेहऱ्यावरील निश्चय, क्रोध किंवा भय वाचण्याची सोयच चित्राने ठेवलेली नाही. त्यामुळे भावना शोधणारा प्रेक्षक देहाच्या ठेवणीकडे वळतो, आणि तेथे त्याला पिशव्या दिसतात. रोलाँ बार्थ यांनी १९८० च्या ‘कॅमेरा ल्युसिडा’मध्ये छायाचित्राच्या सांस्कृतिक आशयापासून वेगळा काढलेला, पाहणाऱ्याला अचानक टोचणारा तपशील कोणता, असे विचारले तर येथे तो या पिशव्यांचा आहे. रणगाडा आणि माणूस हा विरोध कोणालाही कळतो. पिशव्या मात्र कोणत्याही योजनेत बसत नाहीत. त्या खाली ठेवाव्यात असे त्याला वाटले नाही. तो बाजारहाटातून परतत होता की आणखी कोठून, हे ठाऊक नाही. परंतु घरी जाणारा माणूस इतिहासात शिरला तो घराच्या वाटेवरील ओझ्यासह, असे चित्र सांगते.

भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत या चित्राचा विचार केल्यास एक फलदायी अडचण उभी राहते. भरताच्या नाट्यशास्त्रात वीररसाचा स्थायिभाव उत्साह असून तो उत्तम प्रकृतीच्या पात्रांशी निगडित आहे. स्थैर्य, धैर्य, शौर्य, त्याग आणि वैशारद्य हे त्याचे अनुभाव सांगितले आहेत. दानवीर, धर्मवीर आणि युद्धवीर असे वीराचे प्रकारही तेथे येतात. यांपैकी स्थैर्य आणि धैर्य हे अनुभाव या चित्रात निःसंशय आहेत. शौर्य मात्र पराक्रमाच्या अर्थाने नाही, कारण जिंकावयाचे असे काही नाही आणि प्रहार तर नाहीच. उत्तम प्रकृतीची अटही येथे कोसळते. कुल, पद, वेश, नाव यांपैकी कोणतेही श्रेष्ठत्वदर्शक चिन्ह या माणसापाशी नाही. त्याला धर्मवीर म्हणावे तर त्याच्या धर्मनिष्ठेचे एकही वचन उपलब्ध नाही. तो रणगाड्यावरील सैनिकांशी काय बोलला तेही कोणी ऐकले नाही.

याचा अर्थ रसव्यवस्था येथे निरुपयोगी ठरते असा नव्हे. उलट, वीररसाच्या घटकांपैकी कोणते घटक गळले तरी रसप्रतीती टिकते, हे या चित्रामुळे तपासता येते. नाव गळले, कुल गळले, वाणी गळली, विजय गळला. तरी उत्साहाचा प्रत्यय उरला, आणि तो केवळ स्थैर्य या एका अनुभावावर उरला. आधुनिक काळातील अहिंसक प्रतिकाराने वीररसात केलेला बदल एवढ्या स्पष्टपणे क्वचितच दिसतो.

६. चौकटीबाहेर राहिलेले

प्रत्येक चौकट काही दाखविते म्हणजेच काही वगळते. या चित्राने वगळलेल्या तीन गोष्टींचा विचार करणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट समूह. १९८९ चे आंदोलन विद्यार्थी, कामगार, पत्रकार आणि नागरिक यांच्या प्रचंड सहभागाचे होते. अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट हॅरिमन आणि जॉन लुई ल्युकेट्स यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सार्वजनिक छायाचित्रांविषयीच्या ग्रंथात या प्रतिमेचा सविस्तर विचार केला आहे. राज्यसत्तेसमोरील एकटी व्यक्ती ही पाश्चात्त्य उदारमतवादाची आवडती आकृती असल्यामुळे ही प्रतिमा पश्चिमेत एवढी रुजली, आणि त्यात सामूहिक लोकशाही कृतीचे अंग मागे पडले, अशा आशयाचे त्यांचे विवेचन आहे. हा आक्षेप गंभीर आहे. फ्रँकलिन आणि जोन्स यांचे पाठ शेजारी ठेवल्याने त्याची धार काहीशी कमी होते, पण नाहीशी होत नाही.

दुसरी गोष्ट मृत्यू. या चित्रात रक्ताचा थेंबही नाही. ज्या प्रतिमेने तिआनानमेनची ओळख जगाला करून दिली तिच्यात तिआनानमेनचे मृत नाहीत. याचाच उपयोग चिनी सरकारी दूरचित्रवाणीने करून घेतला: सैनिकांनी किती संयम पाळला, रणगाड्यांना पुढे जावयाचेच असते तर एकटा माणूस त्यांना कसा रोखू शकला असता, असे भाष्य याच दृश्यांवर करण्यात आले. १९९० मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत बार्बरा वॉल्टर्स यांनी हे छायाचित्र दाखविले तेव्हा पक्षाचे तत्कालीन सरचिटणीस जिआंग झेमिन यांनी त्या तरुणाच्या अटकेविषयी खात्रीने सांगता येत नाही, पण त्याला मारले गेले नसावे, असे उत्तर दिले. जगाने ज्या चित्रात दडपशाहीचा पुरावा पाहिला त्याच चित्रात सत्तेने सौम्यतेचा पुरावा पाहिला. छायाचित्र स्वतःच्या बळावर यांपैकी एकही अर्थ नाकारू शकत नाही. आदल्या रात्रीचे कथन शेजारी ठेवल्याखेरीज त्याचा पाठ अपुरा राहतो.

तिसरी गोष्ट रणगाड्याच्या आतला माणूस. यंत्र थांबले असे आपण म्हणतो. वस्तुतः ते कोणी तरी थांबविले. ‘टाइम’ साप्ताहिकाने १९९८ मध्ये शतकातील प्रभावशाली व्यक्तींच्या मालिकेत या ‘अज्ञात बंडखोरा’चा समावेश केला, तेव्हा त्यावरील लेखात पिको अय्यर यांनी या चित्रात दोन नायक असल्याचे नमूद केले: समोर उभा राहिलेला आणि त्याला चिरडण्यास नकार देणारा चालक. हे वाचन सरकारी भाष्याच्या जवळ जाते असे वरवर वाटेल. दोहोंतील भेद सूक्ष्म पण महत्त्वाचा आहे. सरकारी भाष्य संयमाचे श्रेय आज्ञा देणाऱ्या व्यवस्थेला देते. अय्यर यांचे वाचन ते व्यवस्थेतील एका व्यक्तीच्या विवेकाला देते. अहिंसक प्रतिकाराचे सारे तत्त्वज्ञान प्रतिपक्षाच्या याच विवेकावर विसंबून असते.

७. नाव, चित्र आणि यादी

वाहनासमोर उभ्या ठाकलेल्या निःशस्त्र देहाची आठवण मराठी वाचकाला अपरिचित नाही. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईच्या काळबादेवी भागात विदेशी कापड घेऊन निघालेल्या मालमोटारीला अडविताना बाबू गेनू हा पुणे जिल्ह्यातील महाळुंगे पडवळचा बावीस वर्षांचा गिरणी कामगार तिच्याखाली चिरडला गेला. लोकस्मृतीत रुजलेल्या आवृत्तीत भारतीय चालकाने मोटार पुढे नेण्यास नकार दिला आणि गोऱ्या सार्जंटने स्वतः चक्र हाती घेतले, असे सांगितले जाते. म्हणजे या कथेनेही चालकाच्या विवेकाला जागा ठेवली आहे, आणि तो विवेक बाजूला सारला गेल्यावर काय घडते हेही सांगितले आहे.

दोन्ही प्रसंगांतील साम्य उघड आहे, परंतु तुलनेच्या दृष्टीने त्यांतील विषमता अधिक बोलकी आहे. बाबू गेनूच्या त्या क्षणाची प्रतिमा जनमानसात नाही. आहे ते नाव. ते रस्त्यांना दिले गेले, सभांतून आणि गीतांतून फिरले, पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्पिढ्या वाचले गेले. नावाला गाव असते, व्यवसाय असतो, वय असते. त्यामुळे त्याभोवती चरित्र उभे राहते, आणि ते एका भाषेच्या, एका वर्गाच्या स्मृतीत मुळे धरते. बीजिंगच्या माणसापाशी याच्या नेमके उलट आहे. त्याचे चित्र आहे, नाव नाही. एका ब्रिटिश वृत्तपत्राने तेव्हा एक नाव छापले होते. त्याला विश्वसनीय दुजोरा मिळाला नाही. चरित्र नसल्यामुळे हे चित्र कोणत्याही भाषेत विनासायास शिरते. त्याला अनुवादाची गरज भासत नाही, आणि त्यामुळेच त्याचे स्थानिक संदर्भही सहज गळून पडतात.

स्मृतीचे तिसरे रूप याहून निराळे आहे. ३ जूनच्या रात्री सतरा वर्षांचा मुलगा गमावलेल्या प्राध्यापिका डिंग झिलिन यांनी अन्य मृतांच्या कुटुंबीयांसह ‘तिआनानमेनच्या माता’ हा गट उभा केला. पाळत आणि नजरकैद सोसत या गटाने दोनशेहून अधिक मृतांची नावे तपशिलांसह गोळा केली. यादीला चित्राचे आकर्षण नसते, आख्यायिकेची गेयता नसते. परंतु चित्रातून जे मृत गळाले तेच तिने एकेक करून परत आणले. सज्ज्यातून टिपलेला एक क्षण आणि अनेक वर्षे घरोघर फिरून लिहिलेली यादी हे दोन्ही एकाच घटनेचे पाठ असून एकाशिवाय दुसरा वाचणे अन्यायाचे होईल.

८. साहित्यातील पडसाद

सर्जनशील लेखकांनी या प्रतिमेतील रिकाम्या जागा वेगवेगळ्या रीतींनी भरल्या आहेत. ल्युसी कर्कवुड यांच्या २०१३ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आलेल्या ‘चिमेरिका’ या नाटकात ते छायाचित्र घेणारा अमेरिकी छायाचित्रकार अनेक वर्षांनी त्या माणसाच्या शोधात निघतो. नावाची उणीव हाच नाट्यवस्तूचा आधार होतो, आणि त्या शोधातून प्रतिमेवर पाश्चात्त्य प्रेक्षकाने गाजविलेल्या मालकीचीही तपासणी होते. मा जिआन यांच्या ‘बीजिंग कोमा’ या २००८ च्या कादंबरीची दिशा उलट आहे. तिचा निवेदक आंदोलनातील विद्यार्थी असून डोक्यात गोळी लागल्याने तो वर्षानुवर्षे बेशुद्धावस्थेत पडून आहे. बाहेरचे जग त्याला निर्जीव समजते, आत मात्र स्मृती जागी आहे. छायाचित्रातील उभ्या देहाला कादंबरीने आडव्या देहाने उत्तर दिले आहे. एकात बाह्य कृती आहे, अंतर्मन नाही. दुसऱ्यात अंतर्मन आहे, कृतीची शक्यता नाही.

याच मालिकेत आणखी एका प्रतिमेचा उल्लेख आवश्यक आहे. साहित्यसमीक्षक आणि कवी ल्यू शिआओबो यांनी ४ जूनच्या पहाटे चौकातील विद्यार्थ्यांना सुखरूप बाहेर पडता यावे म्हणून सैन्याशी झालेल्या बोलणीत तीन सहकाऱ्यांसह पुढाकार घेतला होता. हे धैर्य वाटाघाटीचे, माघार घडवून आणणारे होते, आणि त्याची कोणतीही प्रतिमा जगप्रसिद्ध झाली नाही. २०१० चे नोबेल शांतता पारितोषिक त्यांना जाहीर झाले तेव्हा ते तुरुंगात होते. १० डिसेंबर २०१० रोजी ऑस्लो येथील समारंभात त्यांचे पदक आणि मानपत्र एका रिकाम्या खुर्चीवर ठेवण्यात आले. पुढे ‘रिकामी खुर्ची’ हा शब्दप्रयोगही चीनमधील इंटरनेटवर वर्ज्य ठरला. जुलै २०१७ मध्ये कैदेत असतानाच त्यांचा अंत झाला. रणगाड्यासमोरील माणूस आणि ही खुर्ची यांत एक विलक्षण सातत्य आहे. पहिल्या चित्रात देह आहे, नाव नाही. दुसऱ्यात नाव आहे, देह नाही.

९. समारोप

२००६ मध्ये एका माहितीपटाच्या निर्मात्यांनी पेकिंग विद्यापीठातील विद्यार्थ्यांना हे छायाचित्र दाखविले असता त्यांना ते ओळखता आले नाही. लुईसा लिम यांनी २०१४ च्या आपल्या ग्रंथात नोंदविल्याप्रमाणे बीजिंगच्या चार विद्यापीठांतील शंभर विद्यार्थ्यांपैकी केवळ पंधरा जणांना हे चित्र कशाचे आहे हे सांगता आले. ४ जून २०२१ रोजी एका जागतिक शोधयंत्रावर काही काळ या प्रतिमेचा शोध घेतल्यास काहीच हाती लागत नव्हते. कंपनीने ती मानवी चूक असल्याचा खुलासा केला. हाँगकाँगच्या व्हिक्टोरिया उद्यानात दरवर्षी होणारी स्मरणसभा २०१९ नंतर होऊ शकलेली नाही. जगभर अतिपरिचित असलेले चित्र ज्या रस्त्यावर घेतले गेले त्याच रस्त्यावरून चालणाऱ्या तरुणांना अपरिचित आहे, ही वस्तुस्थिती ‘चित्राला भाषा लागत नाही’ या समजुतीला चांगलाच धक्का देते. संदर्भ काढून घेतला की रणगाड्यासमोर उभा असलेला माणूस हा केवळ रणगाड्यासमोर उभा असलेला माणूस उरतो. लष्करी संचलनाचे दृश्य म्हणूनही तो पाहिला जाऊ शकतो.

यातून तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, शांततामय प्रतिकारातील धैर्य छायाचित्र थेट दाखवीत नाही. देह आणि सत्ता यांमधील अंतर ते दाखविते, आणि त्या अंतराचे धैर्य म्हणून वाचन करण्यासाठी प्रेक्षकापाशी घटनेचे कथन असावे लागते. दोन, असे कथन एका चौकटीतून मिळत नाही. अरुंद चौकट, विस्तृत चौकट, रस्त्यावरून घेतलेली चौकट, चित्रफीत, मातांची यादी, कादंबरी आणि नाटक हे सारे पाठ एकत्र वाचल्यावरच त्या दुपारचा माणूस पुतळ्यासारखा न दिसता माणसासारखा दिसू लागतो. त्याच्या आजूबाजूला लोक पळत होते, आदल्या रात्रीचे मृत अजून मोजले गेले नव्हते, समोरच्या यंत्रात एक घाबरलेला किंवा गोंधळलेला चालक होता, आणि हातांतील पिशव्या घेऊन त्याला त्या दिवशी कोठे तरी जावयाचे होते.